जावयासाठी वारा

आमच्या घरामागच्या विहिरीवर एक इंजिन होतं आणि त्याला दोन मालक होते. अर्धं आमचं, अर्धं सोनाजीकाकांचं. सोनाजीकाका म्हणजे आमचे शेजारी, जातीनं बारी, पिढ्यान्‌पिढ्या पानमळा करणारे. विहीर दोघांच्या बांधावर, तिच्यावर आधी दोन्ही घरांच्या मोटा चालत. मग गावोगाव इंजिनाचं खूळ निघालं तेव्हा माझ्या बाबांनीच काकांच्या मागे लागून त्यांना त्यात ओढलं. काकांनी मोटेची बैलजोडी विकून अर्धं इंजिन घेतलं, आणि दोन्ही घरांच्या मोटा मोडीत गेल्या. माय तेव्हा म्हणाली होती, "बैल विकू नोका सोनाजीभाऊ. बैल हाकारल्यावर उठते तरी, हे लोखंड कोनाचं आयकते?" काका नुसते हसले. बाबांनी मायला गप्प केलं. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात बैल असते तर बरंच काही वाचलं असतं, आणि बैल विकायला लावणारे आम्हीच होतो.

इंजिन काळं, तेलकट, बुटकं. हातानं चाक गरगर फिरवून चालू करायचं, मग धुराडं आकाशाकडे धुराची वेटोळी सोडत टुक टुक टुक टुक सुरू व्हायचं. त्याच्या चाकावरून एक रुंद पट्टा पंपाच्या चाकावर गेलेला असे. पाळी ठरलेली होती, एक दिवस आमचा, एक दिवस काकांचा. पण आमची जमीन सारी कापूस-ज्वारीची, कोरडवाहू. उन्हाळ्यात पाणी लागायचं ते चार लिंबाच्या झाडांना आणि मायच्या वांग्या-सांबाराला, सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. त्यामुळे आमच्या पाळीचं पाणीही बहुतेक काकांच्या मळ्यातच वळायचं. पानवेलीला उन्हाळ्यात रोज पाणी हवं, ती हट्टी पोरीसारखी असते, एक दिवस दुर्लक्ष झालं की मान टाकते.

तो मळा ज्यानं पाहिला नाही त्याला काय सांगू! बाहेर वैशाखाचं ऊन, काळ्या जमिनीला हात हात भेगा, आणि गवताच्या ताट्या बाजूला सारून आत पाऊल टाकलं की हिरवा अंधार. शेवरीच्या उंच काड्यांवर वेल चढलेले, पायाखाली ओली गार माती, आणि पानांचा तो तिखट-गोडसर वास. बांधावर चपला काढूनच आत जायचं. मळा म्हणजे देऊळ, असं काका म्हणत. राधाकाकू आंघोळ केल्याशिवाय वेलीला हात लावत नसत, आणि नागपंचमीला वेलींपुढे पहिला निवद ठेवल्याशिवाय त्यांच्या घरी कुणी घास खात नसे. आम्ही पोट्टे दुपारी शेवरीच्या बुडाशी पडून राहायचो. काका ओरडायचे नाहीत, फक्त म्हणायचे, "पानाले हात नोका लावू बाप्पा, थे झोपले हायेत." माझ्या लहानपणीचा थंडावा म्हटला की तोच. अजूनही बाजारात पानाच्या टोपलीवरून ओलं फडकं काढलं की मी दुसरीकडे तोंड फिरवते.

मी आता अकोल्याला मुलाकडे असते. तिसऱ्या मजल्यावरचं घर, त्यात त्यानं इन्व्हर्टर बसवून घेतला आहे. बसवला त्या दिवशी मोठ्या कौतुकानं मला म्हणाला, "आई, आता लाइट गेली तरी तुझा पंखा बंद पडायचा नाही." मी म्हटलं, छान झालं. लाइट जाते, सगळी इमारत काळी होते, आणि माझ्या डोक्यावरचा पंखा आपला फिरत राहतो. सून म्हणते, "तुम्ही लाइट गेली की पंखा का बंद करता हो आई?" मी म्हणते, मला गार लागतं. अकोल्याच्या मे महिन्यात गार लागतं म्हणणारी सासू, तिला वाटत असेल म्हातारीला चळ लागला.

माझ्या थोरल्या बहिणीचं, कमलताईचं, अमरावतीला लग्न झालं होतं. जावईबुवा तिथल्या एका कचेरीत कारकून. माणूस शांत, चष्मा लावणारा, पण ताईची सासू मोठी खाष्ट. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात जावईबुवा आमच्याकडे आले तेव्हा गावात वीज नव्हती. घामोळ्यांनी त्यांची पाठ सोलून निघाली, वरून कंदिलाच्या उजेडात माजघरात विंचू निघाला. ते काही बोलले नाहीत, पण सासूबाईंनी अमरावतीत सगळ्यांना सांगितलं, "माझा मुलगा त्या भट्टीत पुन्हा पाय ठेवायचा नाही." मग ताईचं पहिलं मूल पोटातच गेलं. आरामाला म्हणून तिला माहेरी पाठवलं, आणि न्यायला कुणी आलंच नाही. संक्रांत गेली, होळी गेली. पत्रं यायची, दोन ओळींची, क्षेम आहे, इकडील काळजी नसावी. सर्व्हिस मोटारीचा भोंगा वाजला की ताई ओसरीच्या खांबाला धरून उभी राहायची आणि मोटार पुढे हिवरखेडकडे निघून गेली की आत येऊन ट्रंकेतल्या लुगड्यांच्या घड्या पुन्हा घालायची. गावातल्या बाया पाण्याला जाताना माझ्याकडे बघून विचारायच्या, "काहून वो, तुई बहीन अजून इथंच हाय?" मला त्यांच्या तोंडावर घागर आपटावी वाटायची.

त्यातच गावात वीज आली. आमच्या घरी पहिल्या झटक्यात दिवे लागले, आणि बाबांनी अकोल्याहून टेबलावरचा नवा पंखा आणला. पुढे जेठात धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून अनारशांचं वाण द्यायचं, हा आमच्याकडचा रिवाज. बाबांनी अमरावतीला पत्र लिहिलं, त्यात सगळ्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं की आता आपल्या घरी वीज आली आहे, पंखा आहे, उन्हाचा काही त्रास होणार नाही. उत्तर आलं, येतो. त्या दिवशी ताई मायच्या गळ्यात पडून रडली. अनारशांचे तांदूळ भिजत पडले. सगळ्या घरानं एकच गाठ मनाशी मारली होती, जावईबुवा खूश होऊन गेले तर ताईला घेऊन जातील, नाहीतर ही पोरगी जन्मभर माहेरची झाली.

आणि ते यायच्या तोंडावर वावधन सुटलं. असं वादळ की गोठ्याची टिनं उडून मारुतीच्या पारावर पडली. सकाळी पाहतो तर विजेचे खांब आडवे, तारा बाभळींवर लोंबत होत्या. विजेवाला माणूस सायकलवर येऊन बघून गेला, म्हणाला, अकोल्याहून खांब येतील तेव्हा, पंधरा दिवस तरी धरून चाला. बाबा नव्या पंख्यापुढे बसून राहिले. मायनं हाक मारली तरी उठेनात. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात नानामामा टपकला. मायचा धाकटा भाऊ, अकोटच्या एका कापसाच्या जिनात फिटर. बोलण्यात असा की ऐकणाऱ्याला वाटावं आगगाडी यानंच काढली. मायच्या डोळ्याला पदर पाहून म्हणाला, "तू कायले रडून राहिली वो बाई? म्या का मेलो?" उन्हाळ्यात जीन बंद असे. जिनाच्या दिव्यांसाठी तिथे एक जुना डायनामो होता, तो मामानं बैलबंडीत घालून आणला. बाबांनी विचारलं, "मालकाले इचारलं का?" मामा म्हणाला, "मालक मुंबईले. इचारू कोनाले, त्याच्या कुत्र्याले?" आमचा नवा पंखा म्हणे डायनामोच्या विजेवर चालणार नव्हता, म्हणून जिनाच्या हापिसातला काळा, पितळी पात्यांचा, घमेल्याएवढा पंखाही त्यानं उचलून आणला होता. तो गावातल्या आणि डायनामोच्या, दोन्ही विजांवर चालायचा.

मग विहिरीवर काम सुरू झालं. सागाचा ओंडका जमिनीत गाडून त्यावर डायनामो आवळला. बाभळीच्या बल्ल्या रोवून विहिरीपासून घरापर्यंत तार ओढली, बैठकीतला दिवाही तिलाच जोडला. ओंडका धरायला कोण, तर सोनाजीकाका. घण बसत होता आणि ते दोन्ही हातांनी ओंडका कवटाळून बसले होते. सगळं झाल्यावर मामानं पंपाच्या चाकावरचा पट्टा उतरवला आणि डायनामोवर चढवला. तेव्हा कुठे सगळ्यांच्या ध्यानात आलं. पट्टा एकच होता. इकडे लावला तर पाणी, तिकडे लावला तर वारा.

बाबा काकांकडे न बघता म्हणाले, "सोनाजी, दोन रोजाचा प्रश्न हाय. जवाई आले, जेवले, का गेले."

काका म्हणाले, "पाटील, जवाई का तुमचा एकट्याचा हाय? गावाचा जवाई हाय थो. कमल का मले परकी हाय? दोन रोजात वेल काई मरत नाई."

आमच्याकडे खरंच तसं आहे. गावचा जावई सगळ्या आळीचा जावई, त्याला कुणीही ओवाळावं, कुणीही जेवू घालावं, आणि त्याच्या कानावर घरातली अडचण कुणीही घालू नये. बाबांनी सगळ्यांना बजावलं, वीज गेल्याचं जावईबुवांना कळता कामा नये. वाटेवर आडव्या पडलेल्या खांब-तारा आम्ही ओढून बाजूला टाकल्या. पत्रात आपण लिहून बसलो आहोत, कळलं तर अमरावतीत सासूबाईंच्या तोंडी वर्षभराचं गाणं होईल. इंजिनाचा आवाज येतो कसला, विचारलं तर सांगायचं, मळ्याला पाणी सुरू आहे.

जावईबुवा भर उन्हात आले. छत्री मिटली, पायावर पाणी घेतलं, बैठकीत टेकले. मामानं मला खूण केली, मी विहिरीकडे धावले, काकांनी चाक फिरवलं, इंजिन टुकटुकलं, आणि बैठकीतला तो काळा पंखा आधी कण्हला आणि मग घोंगावत सुटला. जावईबुवांनी चष्मा काढून डोळे मिटले. "अरे वा," म्हणाले, "हे फार छान झालं." दाराआड ताई उभी होती. कित्येक महिन्यांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पितळी ताटात दिव्यासह अनारसे दिले, आंब्याचा रस आणि शेवया, वर तुपाची धार, सांबारवड्या, कुरडया. जेवण झाल्यावर ते पंख्यापुढे आडवे झाले आणि मलाही म्हणाले, "सुमन, तू पण बस इकडे, तुलाही लागू दे." असा भला माणूस. माझ्याशी पत्ते खेळायचे, मला गणितं सांगायचे, मधेच पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवायचे. तो वारा मी घेतला. अगदी फ्रॉकच्या गळ्यात भरभरून घेतला. आजवर मला कुठल्या सुखाची इतकी लाज वाटली नाही.

दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी जावईबुवा म्हणाले, "मग निघावं म्हणतो." आणि माझे बाबा, ज्यांचा जीव मळ्यासाठी आतून तुटत होता ते बाबा, म्हणाले, "एवढ्यात कुठं? राहा नं. आपलंच घर हाय." जावयानं निघतो म्हणावं आणि सासऱ्यानं बरं म्हणावं, हे आमच्या भागात कुणी केलेलं नाही. जावईबुवा राहिले. चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी तेच. आठवडा उलटला.

सकाळी जावईबुवा गावात फेरफटका मारायला जात, तेवढ्यात मामा आणि काका पट्टा पंपावर चढवत. पण पंप असा की आधी त्याच्या पोटात बादलीनं पाणी ओतावं, मग तो ओढणार. पाणी पाटात येऊन मळ्याच्या पहिल्या ओळींना शिवतं न शिवतं तोच कुणीतरी पोट्टं धावत येई, "आले वो, जवाईबुवा आले!" की पट्टा पुन्हा डायनामोवर. बाकी दिवसभर आणि रात्रभर इंजिन बैठकीतल्या पंख्यासाठी चालू. जावईबुवा म्हणत, "किती पाणी देतात हो हे लोक मळ्याला! कष्टाळू आहेत." बाबा मान हलवत.

रोज संध्याकाळी जावईबुवांसाठी काकांच्या घरून विडा यायचा. आणायला मी जायची. राधाकाकू पान निवडून, धुऊन, पुसून, चुना-कात लावून हातावर ठेवायच्या. एकदा मी गेले तर घरात कुणी नाही. मळ्यात गेले. काका विहिरीवर दोरानं पाणी शेंदत होते आणि काकू डोक्यावर एक, कमरेवर एक अशा घागरी घेऊन शेवटच्या ओळींकडे चालल्या होत्या. विहीर उन्हाळ्याची, पाणी पार तळाला. काकांच्या तळहातांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. मागच्या ओळींची पानं कडेनं पिवळी होऊन आतल्या बाजूला वळली होती, आणि तो गार वास कुठेच नव्हता. काकूंनी मला पाहिलं, घागर खाली ठेवली, हात धुतले आणि चांगली पानं शोधायला लागल्या. त्यांना ती सापडायला वेळ लागत होता.

"तुया भाऊजीले आवडते का वो आमचं पान?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "लय आवडते."

"मंग झालं," काकू म्हणाल्या.

मी घरी येऊन मायला सांगितलं. मायला माहीत होतं. चुलीपुढे बसून तिनं बाबांना दबक्या आवाजात म्हटलं, "त्याईले इचारा नं बाप्पा, कवा निंघता म्हनून. तिकडे सोनाजीभाऊचा मळा जाऊन राहिला." बाबा फणकारले, "जावयाले जाय म्हनू? आन् पोरीले जलमभर इथंच ठेवतं का मंग?" मग तेच कपाळाला हात लावून पाटावर बसले. ताई दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. त्या दिवसांत ती आणि जावईबुवा संध्याकाळी मागच्या अंगणात बोलत बसायचे. पोटात गेलेल्या पोराबद्दल ती पहिल्यांदा त्यांच्याजवळ मोकळेपणी रडली होती. ताईनं मला कोठीत ओढून विचारलं, "सुमे, खरं सांग, मळा वायून राहिला का?"

मी म्हटलं, "नाही वो. कडेचे उलीसे वेल पिवळे पडले, बस."

का म्हटलं? ताईचं बस्तान बसावं म्हणून म्हटलं, हे खरं आहे. पण मला तो पंखा हवा होता, हेही तेवढंच खरं आहे, आणि त्या क्षणी यातलं कुठलं जास्त खरं होतं ते मला आज इतक्या वयातही ठरवता येत नाही. ताईनं माझं ऐकलं. मी खरं बोलले असते तर ती सरळ बैठकीत जाऊन नवऱ्याला सगळं सांगणारी बाई होती.

शेवटी जावईबुवांनी वाढवून घेतलेली रजाही संपली आणि ते निघाले. ट्रंक बाहेर आली, ताईची. ती सोबत निघाली होती. मायनं तिची ओटी भरली. आळीतल्या सगळ्या बाया जमल्या, त्याच बाया ज्या मला टोचायच्या, आणि आता पदरानं डोळे पुसत होत्या. तेवढ्यात सोनाजीकाका आले, खांद्यावर ओल्या पोत्यात गुंडाळलेला पानांचा भारा. म्हणाले, "ईनबाईले, तुया सासूले, देजो कमल. म्हनजो आमच्या मळ्यातली हायेत." ताईनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. जावईबुवा म्हणाले, "काका, तुमच्या पानाची सर अमरावतीत नाही." काकांचा चेहरा खुलला. मला वाटलं, बरे आहेत, इतकी पानं अजून आहेत म्हणजे मळा तसा बरा आहे. मामा माझ्या कानाशी पुटपुटला, "जिते होते थे सारे वेल खुडले सोनाजीनं. इज्जतीसाठी."

बंडी वळणाआड गेली आणि पट्टा पंपावर चढला. इंजिन थोडा वेळ चाललं, मग त्याच्या पोटात ठक ठक असा आवाज व्हायला लागला, आणि ते एक आचका देऊन थांबलं. दिवसरात्र न थांबवता पळवलं होतं, आत काहीतरी धरलं. मामाची सगळी मिजास उतरली. त्यानं इंजिन खोललं, एक भाग पोत्यात बांधून अकोल्याला नेला. तिथे म्हणाले, हा घडवून घ्यावा लागेल. परत आला तेव्हा मृग तोंडावर आला होता आणि मळ्यात नुसत्या शेवरीच्या काड्या उभ्या होत्या, त्यांवर सुतळीसारखे वाळके वेल. राधाकाकू ताटीजवळ बसल्या होत्या. रडत नव्हत्या. माय त्यांच्याजवळ जाऊन बसली.

पानमळा एका वर्षात उभा राहत नाही. बेणं लावा, शेवरी वाढवा, वेल चढवा, तोवर खायचं काय? काकांनी शेवरी तोडली आणि जमीन नांगरून कापूस पेरला. बाबा त्यांच्या घरी गेले. म्हणाले, "सोनाजी, माह्या हिस्स्याचं इंजिन आजपासून तुमचं." काका म्हणाले, "आता पराटीले इंजिन कायले पाह्यजे, पाटील?" एवढंच. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बाबांना सोसलं असतं. पुढे वीज आली, खांब नवे आले, नवा पंखा बैठकीत होताच. बाबांनी तो मरेपर्यंत स्वतःसाठी लावला नाही. पाहुणे आले की म्हणायचे, लावा लावा, आणि स्वतः ओसरीवर पुठ्ठ्यानं वारा घेत बसायचे.

काही वर्षांनी दिवाळीला जावईबुवा, ताई आणि त्यांचा मुलगा आले. मी तेव्हा अकोल्याला कॉलेजात. मधल्या वेळी जावईबुवा आमच्याकडे आलेच नव्हते, ताईच बाळंतपणाला येऊन, मळा गेलेला पाहून गेली होती आणि तिनं अमरावतीला परत जाऊनही नवऱ्याला काही सांगितलं नव्हतं. मी तिला तेव्हा विचारलं, तर म्हणाली, "काय सांगू? तुमच्या झोपेपायी मळा गेला म्हनू?" जेवणं झाली आणि जावईबुवा मजेत म्हणाले, "सुमन, आता सोनाजीकाकांचं पान पाहिजे बुवा." माय स्वयंपाकघरात निघून गेली. बाबा खाली बघू लागले. मी उठले आणि म्हटलं, "चला भाऊजी, दाखवते."

बांधावर आलो. सगळीकडे कापूस फुटलेला, पांढरा. जावईबुवा इकडेतिकडे बघत म्हणाले, "मळा कुठे गेला?" मग मी सांगितलं. वादळ, डायनामो, तो एकच पट्टा, काकूंच्या घागरी, वेल खुडून दिलेली पानं. ताईला मी काय सांगितलं होतं तेही सांगितलं. ते चष्मा काढून पुसत राहिले.

"मला सांगायचं होतं ना ग," ते म्हणाले. "मी निंबाखाली बाज टाकून पडलो असतो. मला कुठे पंखा हवा होता? तुझे बाबा रोज राहा राहा म्हणायचे, त्यांचं मन कसं मोडायचं म्हणून मी राहिलो. कचेरीत साहेबाची बोलणी खाल्ली त्यापायी." मग चष्मा लावून म्हणाले, "आणि कमलला न्यायचं मी अमरावतीहून निघतानाच ठरवलं होतं. आईशी भांडूनच निघालो होतो."

इतक्या माणसांनी एकमेकांचं मन राखायला इतका आटापिटा केला आणि त्यात कुणालाच काही नको होतं. एका मला सोडून. मला मात्र तो वारा हवा होता.

तेवढ्यात पलीकडून सोनाजीकाका आले. केस पांढरे झाले होते. जावईबुवांना पाहून त्यांना खरंच आनंद झाला. "या या जवाईबुवा, बोंडं फुटले यंदा मस्त," असं म्हणत त्यांनी बांधावर पायातल्या चपला काढल्या, नीट जोडीनं ठेवल्या, आणि अनवाणी कापसात शिरले. जावईबुवांनीही खाली वाकून बूट काढायला घेतले.

"तुमी नोका काढू," काका मागे वळून म्हणाले. "सराटे टोचतीन. आता का मळा हाय? निरी पराटी हाय."

"मग तुम्ही का काढल्या?" जावईबुवांनी विचारलं.

काकांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं, जणू त्यांना ते आत्ताच दिसलं. थोडे ओशाळून हसले.

"मले नाई सांगता येत बाप्पा," ते म्हणाले. "बांध आला का निंघतेच."

जावईबुवा बूट-मोजे काढून त्यांच्या मागून गेले, सराट्यांतून, पाय उचलत, टेकवत. मी चपला काढल्या आणि हातात धरल्या. पण माझ्यानं आत पाऊल टाकवेना. ते दोघं परत येईपर्यंत मी बांधावरच उभी होते.